जुनापाणीची शिलावर्तुळे: नुसती थडगीच की आणखी काही? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आठवीतल्या लेकीला घेऊन जुनापाणीला गेलो होतो. नागपूरहून काटोल रोडने निघालं की शहर संपता संपता माळावर काळ्या दगडांची कडी दिसू लागतात, 300च्या आसपास. लेकीनं विचारलं, "बाबा, एका माणसाला पुरायला एवढं मोठं रिंगण कशाला?" मला उत्तर देता आलं नाही.

ही दफनं आहेत, हे मला मान्य आहे. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने एकोणिसाव्या शतकात इथं खोदलं, तेव्हापासून विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडी हत्यारं आणि काळी-तांबडी मडकी मिळत आली आहेत. जवळच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या उत्खननात घोडाही सापडला, तोंडावर तांब्याचे दागिने चढवलेला. त्या घोड्याबद्दल वाचल्यापासून मला या लोकांविषयी विलक्षण आपुलकी वाटते. आपला घोडा सजवून मातीआड करणारी माणसं होती ती, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची!

पण काही वर्तुळांत माणसाची हाडं अगदी थोडी निघतात, काहींत निघतच नाहीत. ती मातीत झिजून गेली, की दुसरीकडे वारलेल्या माणसाची आठवण म्हणून नुसतं रिंगण मांडायचे? दगडांचं कडं आतली माती-गोट्यांची भर धरून ठेवायला असावं, शेताच्या बांधासारखं, असा माझा अंदाज. तो बरोबर आहे का?

दुसरं म्हणजे, काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. काही अभ्यासकांनी त्यांचा संबंध सूर्य आणि दिशांशी जोडला आहे. इंग्लंडच्या स्टोनहेंजमध्ये दहन केलेल्या अस्थीही आहेत आणि मांडणीचा अक्ष उन्हाळी अयनदिनाच्या (वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या) सूर्योदयाकडेही आहे. ते बांधकाम जुनापाणीहून बरंच जुनं आणि त्या लोकांशी यांचा काही संबंध नाही. तरी थडगं आणि सूर्य एकाच जागी नांदू शकतात, एवढं त्यावरून पटतं. आपल्याकडे असं म्हणायला खळग्यांचा पुरावा पुरेसा आहे का?

येत्या 22 डिसेंबरला, म्हणजे हिवाळी अयनदिनाच्या (सर्वांत लहान दिवसाच्या) सुमारास, पहाटे आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत. या काळ्या बेसॉल्ट दगडांजवळ होकायंत्र भरकटतं, म्हणून काठीच्या सावलीवरून उत्तर काढायचा विचार आहे. खळग्यांच्या दिशा मोजायच्या तर वर्तुळाचा मध्य कसा धरावा? बरेच दगड सरकलेले आहेत. डेक्कन कॉलेज किंवा नागपूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकलेलं कुणी इथं असेल तर कृपया सांगा.