महालातल्या जुन्या वाड्यात नवं बांधकाम: धूळ, हादरे, मलबा कसा सांभाळायचा?

नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्याचं काम माझ्याकडे आलंय. समोरचं दगडी जोतं, सागवानी खांब, चुन्याच्या भिंती राखायच्या; मागच्या पडक्या चौकात दोन मजले नवे. बोळात छोटा टेम्पो जेमतेम शिरतो, शेजाऱ्यांची भिंत सामाईक, चौकात जिवंत पाण्याची विहीर. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या खूप आत, म्हणून पर्यावरण मंजुरी लागत नाही. ठेकेदार म्हणतो, मग पर्यावरणाचा आराखडा कशाला? मला तो हवाच आहे. सुरुवात कुठून करू?

भाऊ, सीताबर्डी:
ताई, हादऱ्यांपासून करा. धूळ झाडता येते, जुनी भिंत तडकली की तडकली. हादऱ्यांसाठीचं जर्मन मानक डीआयएन ४१५०-३ नाजूक वारसा इमारतींच्या पायाशी, कमी कंपनसंख्येला, कंपनाच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ३ मिलिमीटरच मानतं. म्हणून ब्रेकर नकोच, छिन्नी-हातोडा. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊन प्रत्येक भेगेचा फोटो काढा, त्यावर तारीख टाका आणि भेगेवर काचेची पट्टी चिकटवा. भिंत हलली तर काच फुटते.

दुसरं, विहीर. पायाचा खड्डा कोरडा ठेवायला ठेकेदार पंप लावून उपसा करेल, त्याला आधीच थांबवा. महालाखाली काळी माती असेल तर ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि जुना पाया तिच्यासोबत खचतो. खड्डा लहान तुकड्यांत घ्या, शक्यतो दिवाळीनंतर.

चुन्याचं काम करणारी:
धुळीसाठी सगळे पाणी मारा म्हणतात, मला ते चुन्याच्या भिंतीजवळ पटत नाही. पाणी मलब्यावर, तेही तुषारासारखं. भिंतीला हिरवी जाळी बांधा. सागवान, दगड, जुन्या विटा वेगळ्या ठेवा, त्याच वाड्यात परत लागतात. उरलेला मलबा मनपाच्या ठरलेल्या जागीच जायला हवा, नाग नदीच्या काठी नाही. लोक अजून टाकून राहिले, बघवत नाही. गोणीत भरून बोळातून काढा, सकाळची शाळा सुटायच्या आत.

प्रश्न विचारणारी:
भाऊ, ताई, आभार. हे सगळं ठेकेदाराच्या करारातच घालते, ब्रेकरबंदीसकट. आवाजासाठी निवासी भागाची दिवसाची ५५ डेसिबलची मर्यादाही लिहिणार आहे. काचेच्या पट्ट्या महालात कुठे मिळतील, की काच कापूनच घ्यायची?

भाऊ, सीताबर्डी:
काचवाल्याकडून पातळ कापून घ्या. दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करा, मधला भाग मोकळा ठेवा.