‘लाडका भाऊ’ कचेरीत बसला खरा, पण 11 महिन्यांनंतर काय?

धुळाक्षर

9 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला आणि मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती ‘लाडका भाऊ’ झाली, बहिणींनीही त्यात नावं घातली. वय 18 ते 35, विद्यावेतन बारावीवाल्याला महिना 6,000, आयटीआय-पदविकावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. सरकारी कार्यालयांना मंजूर पदांच्या 5 टक्के प्रशिक्षणार्थी घेता येतात. आधी मुदत 6 महिने होती, ती 5 महिन्यांनी वाढली. आता 11 महिने भरलेली पोरं घरी बसलीत, काही आझाद मैदानात जाऊन आली. मागणी एकच, कायम करा.

कायम करा या मागणीशी मी सहमत नाही. पण योजना बंद करा म्हणणाऱ्यांशी तर अजिबातच नाही.

ज्याच्या घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, त्याच्यासाठी तहसील कचेरी म्हणजे एक खिडकी. त्या खिडकीच्या आत काय चालतं हे कारकुनाच्या पोराला जेवताजेवता कळतं. ‘टिपणी’ (साहेबांच्या निर्णयासाठी फाइलवर लिहायचा मजकूर) काय, ‘आवक’ (आलेल्या कागदांची नोंद) काय, साहेब फिरतीवर असले की फाइल कुठे अडते. हे ज्ञान आजवर वारसाहक्कानं मिळत आलं. या योजनेनं पहिल्यांदाच ते ऊसतोड्याच्या पोरीच्या हाती लागलं. ते 11 महिन्यांनी फुकट जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे. रेल्वेत लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत 20 टक्के जागा रेल्वेतच शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी असतात. परीक्षा सगळ्यांना द्यावीच लागते. आपल्याकडे गट-क च्या (लिपिक, तलाठी वगैरे) सरळसेवा भरतीत असं काही का नको?

---

निवृत्त अव्वल कारकून

असहमत. 34 वर्षं त्याच खिडकीच्या आत काढलीत, म्हणून लिहितो.

2023 ची तलाठी भरती आठवा. जागा 4,644, अर्ज 10 लाखांच्या वर, खुल्या वर्गाला फी 1,000 रुपये. त्या 10 लाखांत पुण्यात खोली घेऊन, खानावळीचा डबा खाऊन चार-चार वर्षं अभ्यास करणारी पोरं होती. त्यांना तुम्ही काय सांगणार? शेजारच्या टेबलावर 11 महिने बसलेल्याला वेगळ्या जागा, तू लाग रांगेत?

आणि त्या टेबलावर बसवलं कुणी? परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही. पोर्टलवर नोंदणी, आणि पुढचं कार्यालयाच्या हातात. माझ्या शेवटच्या वर्षात आमच्याकडे सहा जण आले. एक शिपायाचा भाचा, एक साहेबांच्या चालकाच्या सासुरवाडीची. पोरं चांगली होती, त्यांना दोष देत नाही. पण ज्या वारसाहक्काबद्दल तुम्ही बोलता, तोच मागच्या दारानं आत आला. मागच्या दारानं आलेल्यांना कायम करू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 च्या उमादेवी निकालात बजावलंय.

---

सरळसोट

काका बरोबर, पण कारण भलतंच देताहेत.

खरी गोष्ट सोपी आहे. पदं रिकामी, भरती नको, पगार नको. म्हणून 10,000 त माणूस. सप्टेंबर 2023 मध्ये कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला, बोंबाबोंब झाली, ऑक्टोबरात रद्द केला. मग ‘कंत्राटी’ शब्द काढला आणि ‘प्रशिक्षण’ लिहिलं. शिक्षक कमी पडतात तिथे प्रशिक्षणार्थी वर्गावर. कोण कुणाला प्रशिक्षण देतंय?

समान संधी म्हणत असाल तर याच सरकारचं दुसरं दार बघा. मुख्यमंत्री फेलोशिप, 2015 पासून. जागा 60, वय 21 ते 26, पदवीला प्रथम श्रेणी, वर्षभराचा अनुभव. अलीकडच्या जाहिरातीत फेलोला दरमहा 61,500 रुपये. तो धोरण शिकतो, सचिवांसोबत बैठकीला बसतो. आणि आपला भाऊ? झेरॉक्स. दिल्लीत नीती आयोगाची इंटर्नशिप तर बिनपैशाची, वर लॅपटॉप आपला आणायचा. दिल्लीत भाडं भरून फुकट कोण राबू शकतो, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

---

तालुक्याची पोरगी

सगळे आमच्याबद्दल बोलताहेत म्हणून आमच्यातली एक लिहिते.

बीए, मराठी. गाव तालुक्यापासून 14 किलोमीटर, एसटी अर्ध्या तिकिटात, म्हणून परवडलं. पुण्याला जाऊन अभ्यास करते म्हटलं असतं तर घरून हो आलं नसतं. ‘सरकारी कचेरीत जाते, सहाच्या गाडीनं परत येते’ याला हो आलं. पुणे-मुंबईतल्या लोकांनी हा फरक जरा समजून घ्या.

पहिला महिना सरळसोट म्हणतात तसाच गेला. झेरॉक्स, पाणी, ‘ताई जरा हे वरच्या मजल्यावर देऊन ये’. दुसऱ्या महिन्यात आमच्या टेबलच्या अण्णांची बदली जवळ आली आणि त्यांना दप्तर लावायचं होतं. जमिनीवर सतरंजी टाकली, दोन कपाटं रिकामी केली आणि मला सहा गठ्ठे शिकवले. चालू प्रकरणं एकीकडे, उत्तराची वाट बघणारी दुसरीकडे, मग नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात जाणारं, आणि ‘ड’ वर्गातलं नष्ट करायचं. तीन दिवस धूळ खाल्ली. तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंचा दोन वर्षांपूर्वीचा अर्ज ‘प्रतीक्षाधीन’ च्या ऐवजी नष्ट करायच्या ढिगात सापडला. अण्णा म्हणाले, टिपणी तू लिही. मी लिहिली. त्यांनी चार ठिकाणी लाल केलं, ‘पताका’ (संदर्भाच्या कागदाला लावायची खुणेची चिठ्ठी) कुठे लावायची ते दाखवलं, खाली ‘मान्यतेस्तव सादर’ लिहायला लावलं. साहेबांची सही झाली. आजींचं काम झालं.

हे प्रशिक्षण होतं का? होतं. योजनेनं दिलं का? नाही, अण्णांनी दिलं. अण्णांची बदली झाल्यावर पुन्हा झेरॉक्स.

विद्यावेतन एकदा अडीच महिने थकलं. आई दवाखान्यात होती त्या महिन्यात 10 दिवसांच्या वर खाडे झाले, तो महिना पूर्ण बुडाला. नियमच तसा. कायम कर्मचाऱ्याला रजा असते, आम्हाला खाडा.

---

कलमबहाद्दर

काकांच्या उमादेवीबद्दल थोडं. तो निकाल भरती प्रक्रिया डावलून आलेल्यांना कायम करण्याबद्दल आहे. धुळाक्षर कायम करा म्हणतच नाहीत, ते भरतीत वजन द्या म्हणतात. दोन वेगळ्या गोष्टी.

उलट 1995 च्या निकालात (उत्तर प्रदेश परिवहन महामंडळ आणि तिथल्या शिकाऊ उमेदवारांची संघटना) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की बाकी सगळं समान असेल तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावं. नोकरीचा हक्क नाही, पण तराजू अगदी समान असेल तर पारडं त्याच्याकडे.

आता धुळाक्षर यांच्या बाजूनं लिहितोय असं वाटत असेल तर थांबा. ते उमेदवार 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचे होते. करार नोंदवलेला, अभ्यासक्रम ठरलेला, शेवटी परीक्षा. रेल्वेचे 20 टक्केही अशाच कायद्याखाली प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना. ‘लाडका भाऊ’ त्या कायद्यात बसत नाही. नोकरीची हमी योजनेत कुठेच नाही, आणि काय शिकवायचं याचा अभ्यासक्रमही नाही. ज्याचं मोजमाप झालं नाही त्याला गुण कशाचे देणार?

---

खडूफळा

कलमबहाद्दर यांच्या शेवटच्या वाक्याला +1. पण आत कोण येतं हा काकांचा मुद्दा तुम्ही सगळ्यांनी सोडून दिलात, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

या योजनेत उत्पन्नाची अट नाही. केंद्राच्या पीएम इंटर्नशिप योजनेत आहे: कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या वर नको, घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नको, आयआयटी-आयआयएमवाले नकोत. ती खासगी कंपन्यांसाठी आहे, 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा महिना 5,000, पण गाळणी तरी आहे. ब्रिटननं ऑगस्ट 2025 मध्ये त्याही पुढचं जाहीर केलं. 2026 पासून सरकारी खात्यांतली उन्हाळी इंटर्नशिप फक्त कष्टकरी घरांतल्या विद्यार्थ्यांना. ओळखायचं कसं, तर तुम्ही 14 वर्षांचे असताना आईवडील काय काम करत होते, यावरून.

माझ्या शाळेतल्या पोरांना हा प्रश्न विचारला तर अर्ध्या वर्गाची गाळणी तिथंच होईल. ‘घरात कुणी सरकारी नोकरीत नाही’ एवढी एक अट घाला, शिपायाचा भाचा नाही तरी शिपायाचा मुलगा आपोआप बाहेर.

---

निवृत्त अव्वल कारकून

@खडूफळा, गुरुजी, शिपायाचा मुलगा बाहेर म्हणजे तुम्ही नक्की कुणाला श्रीमंत समजताय? आणि 14 व्या वर्षी वडील काय करत होते, याला आपल्याकडे सात-बारावाला प्रत्येक जण ‘शेती’ लिहील. दोन एकर कोरडवाहूवालाही शेतकरी आणि चाळीस एकर बागायतवालाही. मग उत्पन्नाचा दाखला आणा. तो दाखला कसा निघतो, ते मला विचारू नका.

@तालुक्याची पोरगी, बाळ, तुझं वाचून बरं वाटलं. सहा गठ्ठे आजकाल नवीन लागलेल्या लिपिकालाही धड येत नाहीत. तुझ्या अण्णांना माझा नमस्कार सांग. पण म्हणून जागा राखून ठेवा, याला माझा विरोध कायम. तुझ्यासारखी एक आणि नुसता मस्टरवर सही करून चहाला जाणारा एक, दोघांचे महिने 11 च भरतात.

---

सरळसोट

काका, मस्टरवर सही करून चहाला जाणारे कायम कर्मचाऱ्यांत नाहीत का?

---

निवृत्त अव्वल कारकून

आहेत. पण ते परीक्षा देऊन चहाला जातात.

(हसा. मीही हसलो.)

---

धुळाक्षर

काकांचा मुद्दा मान्य, माझी मागणी बदलतो. महिने मोजून वजन नको, जागा राखीवही नकोत. 11 महिन्यांच्या शेवटी कामाची चाचणी ठेवा, जिल्ह्याच्या पातळीवर, ज्या कार्यालयात बसला तिथल्या साहेबाकडून नाही. एक बनावट फाइल द्या, टिपणी लिहायला लावा, दप्तर लावायला लावा. उत्तीर्ण झाला तर, कलमबहाद्दर म्हणतात तसं, बाकी गुण समान असताना प्राधान्य. चहावाला तिथंच गळतो. सरळसोट, तुमचा स्वस्त मजुरीचा आक्षेप मात्र याने सुटत नाही, कबूल. चाचणी घ्यायची म्हटल्यावर कार्यालयाला शिकवावं तरी लागेल, एवढाच उपयोग.

@तालुक्याची पोरगी, तुम्हाला शेवटी प्रमाणपत्र मिळालं असेल ना? त्यावर काय लिहिलंय?

---

तालुक्याची पोरगी

काढून बघितलं. माझं नाव, कार्यालयाचं नाव, तारीख पासून तारीख पर्यंत, ‘समाधानकारक’. सही, शिक्का. काय काम केलं याची ओळच नाही. चहावाल्या मुलाचंही हेच आहे, फक्त त्याच्या नावात वेलांटी चुकलीय.

---

निवृत्त अव्वल कारकून

मग ती ओळ मी लिहून देतो. कागद घे.

‘सदर प्रशिक्षणार्थीने आवक-जावक नोंदी, सहा गठ्ठे पद्धतीने अभिलेखांचे वर्गीकरण आणि प्राथमिक टिपणीचा मसुदा ही कामे स्वतंत्रपणे केली असून, एक प्रलंबित अर्ज निदर्शनास आणून निकाली काढण्यास साहाय्य केले.’

प्राधान्याचं धुळाक्षर आणि कलमबहाद्दर यांनी बघावं, त्यात मी नाही. पण केलेल्या कामाची नोंद नसणं ही दप्तरी चूक आहे आणि दप्तरी चूक मला सहन होत नाही.

---

तालुक्याची पोरगी

काका, मसुदा अण्णांसारखाच आहे, धन्यवाद. पण यावर सही कोण करणार? अण्णांची बदली झाली, साहेब मार्चमध्ये गेले, आणि नव्या साहेबांनी मला पाहिलेलंच नाही.