श्रीलंकेतल्या युद्धमृतांवर प्रदर्शन: 18 मेच्या फलकांवर कोण, कसं आणि कोणत्या शब्दांत?

वाचनकट्टा
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात 18 मेपासून आठवडाभर श्रीलंकेच्या यादवी युद्धातल्या मृतांवर प्रदर्शन लावायचं ठरलंय. तीन बाय दोन फुटांचे दहा फलक आहेत. शहरात शिकणारे काही श्रीलंकन विद्यार्थी, सिंहली आणि तमिळ दोन्ही, यायला तयार आहेत. सध्याची कल्पना अशी की एकाच भिंतीवर सैनिक, एलटीटीईचे (स्वतंत्र तमिळ राज्यासाठी सरकारशी लढलेल्या 'तमिळ वाघां'च्या संघटनेचे) लढवय्ये, नागरिक आणि भारतीय शांतिसेनेचे जवान असे सगळे एकत्र दाखवायचे, आणि मधोमध एक समई. हे बरोबर आहे का? मृतांचे आकडे कोणते द्यावेत? कायद्याची अडचण कुठे येईल? उद्घाटनाला मुळ्ळीवायक्कालची पेज (युद्धाच्या शेवटी तिथे अडकलेल्यांच्या आठवणीत वाटतात ती) द्यावी अशीही सूचना आली आहे.

खाडीपलीकडे
एक भिंत करू नका. हेतू चांगला आहे, पण त्या देशात नेमकं इथेच बिनसतं.

तारखांपासून सुरुवात करा. 18 मे हा तमिळांसाठी मुळ्ळीवायक्कालचा दिवस. नंदिकडल खाजण आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत 2009 मध्ये अडकून मेलेल्या नागरिकांचा. 27 नोव्हेंबर हा मावीरर नाळ, एलटीटीईच्या मृत लढवय्यांचा. संघटनेचा पहिला लढवय्या 1982 मध्ये त्या तारखेला मेला. 19 मेच्या सुमाराला कोलंबोजवळच्या बट्टरमुल्लच्या रणविरू (युद्धवीर) स्मारकापाशी सरकारी सोहळा होतो, तो सैनिकांचा. तुमचं उद्घाटन 18 मेला आहे, म्हणजे तो दिवस नागरिकांचा. त्याच दिवशी बंदुका घेतलेल्यांचे फोटो मध्ये आले की तमिळ पाहुण्याला वाटेल आपल्या मेलेल्या आजीला लढवय्यांत मोजलं. सिंहली पाहुण्याला वाटेल की वाघांचा गौरव चाललाय. दोघंही दुखावून परत जातील.

2009 नंतर सरकारने शोक आणि विजय एकाच दिवसात कोंबले. 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष सिरिसेनांनी 'विजय दिन' बदलून 'स्मरण दिन' केला, पण उत्तरेतली विजयस्मारकं जागच्या जागी राहिली. किलिनोच्चीत तोफगोळ्याने तडकवलेला काँक्रीटचा ठोकळा आणि त्यातून उगवलेलं कमळ आहे. पुदुक्कुडियिरुप्पूत तळ्यामधून उभा राहिलेला बंदूकधारी सैनिक आहे. त्याच प्रदेशात एलटीटीईच्या दफनभूमी, तिथे त्यांना तुयिलुम इल्लम म्हणतात, बुलडोझरने सपाट केल्या. कोपायच्या दफनभूमीवर 2011 मध्ये लष्कराच्या 51व्या डिव्हिजनचं मुख्यालय उभं राहिलं. ज्या आईच्या मुलाची कबरच उरली नाही तिला 'चला, सगळ्यांचं मिळून स्मरण करू' असं सांगणं म्हणजे आपल्या मुलासाठी रडण्याचा तिचा पहिला हक्क ओलांडून दुसरा देऊ करणं.

तुलनेसाठी जनता विमुक्ती पेरमुना हा मुख्यतः सिंहली डावा पक्ष पाहा. त्यांनीही 1971 आणि 1987-89 मध्ये राज्यसत्तेविरुद्ध शस्त्रं उचलली. तरी ते दरवर्षी 13 नोव्हेंबरला, संस्थापक विजेवीरांच्या मृत्यूच्या दिवशी, आपल्या मृतांचं स्मरण उघडपणे करतात, आणि आज त्यांचेच नेते राष्ट्राध्यक्ष आहेत. उत्तरेत मात्र पोलीस फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 106 खाली दंडाधिकाऱ्याकडून मनाई आणत आले. मे 2024 मध्ये त्रिंकोमालीजवळ संपूरला पेज वाटल्याबद्दल माणसांना अटक झाली. हा फरक एका फलकावर जरूर मांडा. सलोखा का अडला हे त्यातून स्वच्छ दिसतं.

माझी सूचना: चार वेगळ्या भिंती, चार वेगळे कोपरे, मध्ये मोकळी जागा. मधली समई काढा. पाहणाऱ्याने स्वतः एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे चालत जावं.

कायदा_आणि_आकडे
खाडीपलीकडे यांच्याशी सहमत. आता तपशील.

कायदा: एलटीटीई भारतात 1992 पासून प्रतिबंधित आहे आणि मे 2024 मध्ये बंदी आणखी 5 वर्षांनी वाढवली आहे. त्यामुळे वाघाचं बोधचिन्ह, संघटनेचा झेंडा, संघटनेचा प्रमुख प्रभाकरन याचं मोठं छायाचित्र, 'अमर रहे' छापाची वाक्यं नकोत. इतिहास सांगायला हरकत नाही, पण गौरवाचा सूर लागला की प्रकरण बदलतं. कार्तिगैचं फूल, म्हणजे आपली कळलावी, तमिळ ईळमचं, म्हणजे त्यांना हव्या असलेल्या वेगळ्या देशाचं, राष्ट्रफूल म्हणून वापरलं गेलंय. सजावटीत ठेवू नका. नंतर खुलासे करत बसावं लागतं. फलकांचा मजकूर आधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या.

आकडे: 1983 ते 2009 या संपूर्ण युद्धासाठी संयुक्त राष्ट्रांचा अंदाज 80,000 ते 1,00,000 मृतांचा आहे. शेवटच्या टप्प्यातल्या नागरिकांबद्दल त्यांच्याच तज्ज्ञ मंडळाने 2011 मध्ये लिहिलं की 40,000 पर्यंतचा आकडा नाकारता येत नाही. हा आकडा 'मोजलेला' म्हणून छापू नका. 'संयुक्त राष्ट्रांच्या मंडळानुसार 40,000 पर्यंत' असंच लिहा. आकड्यांचा एकच फलक ठेवा, प्रत्येक आकड्याखाली तो कोणाचा हे लिहा. बाकी जागा नावांना आणि गावांना द्या.

मुसलमान तुमच्या यादीतच नाहीत, ही मोठी उणीव आहे. ऑक्टोबर 1990 मध्ये एलटीटीईने उत्तर प्रांतातल्या सुमारे 75,000 मुसलमानांना हाकलून दिलं. जाफना शहरात त्यांना निघायला जेमतेम दोन तास मिळाले. त्याआधी 3 ऑगस्टला काट्टनकुडीच्या मशिदींत नमाजाच्या वेळी शंभराहून अधिक माणसं मारली. आणि सिंहली कोपऱ्यात फक्त सैनिक नकोत: 2 जून 1987 ला अरंतलावला एलटीटीईने बसमधल्या बौद्ध भिक्षूंना, त्यांत कोवळे श्रामणेरही (शिकाऊ भिक्षू) होते, मारलं. हे नसेल तर सिंहली विद्यार्थी प्रदर्शन एकांगी म्हणतील, आणि त्यांचं खरं असेल.

छपाई: मराठीखाली तमिळ आणि सिंहली, दोन्ही सारख्याच आकारात. फ्लेक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तमिळची डावीकडे लागणारी स्वरचिन्हं निसटतात, सिंहलीची जोडाक्षरं तुटतात. पीडीएफ देण्याआधी मजकुराचे कर्व्हज (अक्षरांचं रेषाचित्रांत रूपांतर) करून घ्या आणि मोठा फ्लेक्स काढण्याआधी ए-फोर प्रिंट दोन्ही भाषांच्या वाचणाऱ्यांकडून तपासा. तमिळ नावात पुढचं आद्याक्षर वडिलांचं असतं, ते आडनाव समजून मागे नेऊ नका. एलटीटीईच्या मृतांना चळवळीतलं नाव आणि हुद्दा असायचा. तुम्ही जन्मनाव आणि गाव द्या.

दक्षिण_कमान
शांतिसेनेचा कोपरा आपल्याकडे सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे आपण तटस्थ नाही.

भारत-श्रीलंका करार 29 जुलै 1987 ला झाला, दुसऱ्या दिवशीपासून आपलं सैन्य तिथे उतरलं, शेवटचा जवान 24 मार्च 1990 ला परतला. सुमारे 1,200 भारतीय सैनिक गेले. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन, 8 महार, 25 नोव्हेंबर 1987 ला धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीरचक्र. महार रेजिमेंटमुळे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांचा या युद्धाशी थेट संबंध आहे. कोलंबोशेजारी श्री जयवर्धनेपुर कोट्टे इथे शांतिसेनेचं स्मारक आहे, नावं कोरलेली. जाफन्याजवळ पलालीलाही एक आहे. दोन्हींची छायाचित्रं लावा.

पण त्याच भिंतीवर 21 ऑक्टोबर 1987 ची नोंद हवी. त्या दिवशी, दिवाळीत, भारतीय सैनिकांनी जाफना रुग्णालयात घुसून गोळीबार केला; साठहून अधिक माणसं मेली, त्यांत डॉक्टर आणि परिचारिका होत्या. रुग्णालयात दरवर्षी त्यांचं स्मरण होतं. परमेश्वरन यांचा फलक लावून हे गाळलं तर तमिळ विद्यार्थ्यांसमोर पूर्ण प्रदर्शनाची विश्वासार्हता जाईल. मजकुरात 'चकमकीत सापडले' वगैरे नको. कोणी मारलं हे कर्तरी वाक्यात लिहा. जवानांच्या कुटुंबीयांना बोलावणार असाल तर हा फलक आधी दाखवा, उद्घाटनाला अचानक समोर आणू नका.

वाचनकट्टा
सर्वांचे मनापासून आभार. चार कोपऱ्यांऐवजी आता पाच करतो: तमिळ नागरिक, मुसलमान, सिंहली, दोन्हीकडचे लढणारे, शांतिसेना. एक राहिलं. बेपत्ता माणसांच्या फोटोंना हार घालून एक टेबल करायचं होतं. चालेल?

खाडीपलीकडे
हार अजिबात नको. आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेला. 2017 च्या फेब्रुवारीपासून वव्हुनिया, किलिनोच्चीत रस्त्याकडेला बसलेल्या आया नेमकं तेच मान्य करत नाहीत. मुलाला सैन्याच्या ताब्यात दिलं, तो कुठे आहे ते सांगा, एवढंच त्यांचं म्हणणं. मृत्यूचा दाखला घ्यायला त्या तयार नाहीत. म्हणून 2016 मध्ये कायदा बदलून 'अनुपस्थितीचा दाखला' आणावा लागला. त्याच वर्षी बेपत्ता व्यक्तींचं कार्यालय कायद्याने स्थापन झालं, पण कुटुंबांचा त्यावर भरवसा बसलेला नाही. तेव्हा दिवा, हार, उदबत्ती काहीच नाही. फोटो छातीशी धरलेल्या स्त्रियांची छायाचित्रं, खाली शेवटचं कुठे पाहिलं ते ठिकाण आणि तारीख. हा फलक मृतांच्या कोपऱ्यांपासून लांब, शक्यतो दाराजवळ. मन्नारच्या सामूहिक कबरीचं उदाहरण देणार असाल तर जपून: 2018 मध्ये तीनशेहून अधिक सांगाडे निघाले, पण कार्बन चाचणीत काळ वसाहतींच्या दिवसांतला आला. तो युद्धाचा पुरावा म्हणून लावलात तर कोणीही एका वाक्यात खोडून काढेल. मुल्लैत्तीवूतल्या कोक्कुतोडुवाईचं उदाहरण घ्या: 2023 मध्ये पाण्याची पाइपलाइन टाकताना ती कबर सापडली.

पेजेबद्दल: तमिळ विद्यार्थ्यांनी स्वतः केली तरच. तांदूळ, पाणी, मीठ. एका वाटीला आठ-नऊ वाट्या पाणी, तांदूळ पूर्ण फुटेपर्यंत शिजवायचे. नारळाचं दूध, तूप, लोणचं काही नाही. शेवटच्या आठवड्यांत लोकांकडे एवढंच उरलं होतं. करवंटीत देतात. बाजूला चार ओळींचा फलक हवा, नाहीतर लोक अल्पोपाहार समजून रांग लावतील. भाषणं पेजेच्या आधी संपवा आणि त्यानंतर माइक बंद ठेवा.