बाख, मोझार्ट, बीथोव्हन : नुसतं ऐकून काळ कसा ओळखायचा?

पेटीवाला खानापूर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे. मी वीसेक वर्षं पेटी वाजवतोय, भजनाला साथ असते, अधनंमधनं बेळगावात ख्यालाच्या बैठकीला पण बसतो. मुलगी टिळकवाडीत कीबोर्ड शिकतेय, तिच्यामुळं दोन महिने झाले रोज बाख, मोझार्ट, बीथोव्हन हे युरोपातले रचनाकार ऐकूलालोय. गोड लागतं, खोटं नाही बोलत. पण आमच्याकडं कसं, गायकानं सूर लावला की ग्वाल्हेर का किराणा घराणं ते दोन मिनिटांत कळतं, आणि हे सगळे मला एकाच घरचे वाटतात. तिचे सर म्हणतात हे तीन काळ आहेत, बरोक वेगळं, क्लासिकल वेगळं, रोमँटिक वेगळं. सनावळी पाठ करून काय उपयोग, कानाला काय धरायचं ते कोणीतरी सांगा की. तिच्या पुस्तकातला बाखचा मिन्युएट, म्हणजे तीन मात्रांची नाचाची चाल, तर माझ्या पण तोंडात बसलाय, प, सारेगम, प सासा.

कॅम्पातला श्रोता
पेटीवरनंच सुरुवात करा तुम्ही. भाता जोरात मारला की आवाज चढतो ना? बाखच्या काळातलं हार्पसिकॉर्ड तसं नव्हतं, त्यात पिसाच्या देठानं तार छेडली जायची, पट्टी हळू दाबा नाहीतर ठोका, आवाज तेवढाच. मग रंगत आणायची कशी, तर एकाच वेळी दोन-तीन चाली विणायच्या, उजव्या हाताचं गाणं वेगळं, डाव्याचं वेगळं आणि दोन्ही एकमेकांशी बोलतायत. हे कानाला लागलं की बरोक समजा, ढोबळमानानं 1600 ते 1750, बाख गेला तेच साल. पियानो इटलीत क्रिस्तोफोरीनं 1700 च्या सुमारास केला, पण तो रुळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. त्यात हातोडी तारेवर पडते, त्यामुळं हळू-जोर दोन्ही बोटांत आलं. मोझार्टच्या वेळेला, म्हणजे क्लासिकलमध्ये, वर एक ठसठशीत चाल आणि खाली बहुतेक करून नुसती साथ, म्हणजे एक गायक आणि एक तुम्ही.

आणि एक, तो मिन्युएट बाखचा नव्हे. बाखच्या बायकोची, आना माग्दालेनाची, 1725 ची वही आहे, त्यात तो उतरवलेला होता म्हणून सगळ्यांनी बाखचा धरला. चाल क्रिस्टियान पेट्झोल्डची, ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक होता तो. मुलीच्या पुस्तकात पेन्सिलीनं त्याचं नाव लिहून टाका, बिचाऱ्याचं हे गाणं जगभरची पोरं वाजवतात.

निपाणीची मास्तरीण
वाद्य बरोबर, पण पैसे कोण देत होतं ते पण बघा. मोझार्टच्याच वेळचा रचनाकार हायडन 1761 ला एस्टरहाझी सरदारांच्या चाकरीत लागला, घरच्या नोकरांसारखा गणवेश घालून, आणि मालकाच्या वाद्यवृंदासाठी लिहीत राहिला. मोझार्टनं 1781 मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडली आणि व्हिएन्नात स्वतःच्या मैफिली लावायला लागला. बीथोव्हननं सरदारांचे पैसे घेतले, पण व्हिएन्नात दरबारी चाकरी कधी धरली नाही. आपल्याकडं बाखच्याच वेळेला दिल्लीत महंमदशहाच्या दरबारात सदारंग ख्याल बांधत होता, आणि बंदिशीत बादशहाचं नाव गुंफत होता. पुढं 1880 ला आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल हे संगीत नाटक रंगभूमीवर आणलं आणि रागदारी तिकिटावर आली. दरबारात चार कान खूश केले की भागतं, थेटरात शेवटच्या रांगेतल्याला पण धरून ठेवायला लागतं. मला हा फरक मोझार्ट-बीथोव्हनमध्ये स्पष्ट ऐकू येतो.

सुळेभावी रोड
मास्तरीणबाई, पटलं. पण पेटीवाले, घराण्याची तुलना नको गा. कुमार गंधर्वांच्या गावाशेजारचा म्हणून बोलतो, आपल्याकडं बंदीश म्हणजे बी, झाड गाणारा वाढवतो. त्यांच्यात झाडसुद्धा रचणाऱ्यानंच कागदावर वाढवून ठेवलेलं असतं. म्हणून वाजवणाऱ्याकडं नको, बढत, म्हणजे चालीचा विस्तार, कशी लिहिलीय तिकडं कान द्या. पेटीवाले, आत्ता पेटी काढा आणि वाजवा, प प प कोमल ग, थांबा, मग म म म रे. बीथोव्हनची पाचवी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. पहिला सगळा भाग ह्या चार सुरांवर उभा आहे, कधी तंतुवाद्यांत, कधी हॉर्नवर, कधी नुसती लय उरते सूर बदलतात. मोझार्टमध्ये चाल पुरी होते, प्रश्न-उत्तरासारखी. इथं ती तुटून-तुटून वाढते. आणि शेवटच्या भागात कोमल ग चा शुद्ध होतो आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं येतात, तिथं माझ्या अंगावर अजून काटा येतो.

पेटीवाला खानापूर
काल रात्री जेवणं झाल्यावर मुलीला घेऊन बसलो. कीबोर्डवर हार्पसिकॉर्डचा आवाज लावला, मिन्युएट वाजवायला सांगितला आणि मी फक्त डाव्या हाताकडं कान लावून बसलो. अहो ती खालची पण चालच आहे की! दोन महिने मी तिला साथ समजत होतो. मग पेटीवर प प प कोमल ग वाजवलं, तर आई आतनं विचारते हा कुठला राग. पेट्झोल्डचं नाव पुस्तकात लिहिलंय. आता हायडन कुठनं सुरू करू तेवढं सांगा, 104 सिंफन्या आहेत म्हणतात.