शारीरिक संवेदनांची भीती परत का येते?
मानसोपचारतज्ज्ञांसमोर मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन छातीत धडधड आणण्याचा सराव करून धडधडीची भीती गेली, तरी काही महिन्यांनी ती लोकलच्या गर्दीत परत कशी येते, असा प्रश्न पडतो. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगांतून दिसते की, अशा सरावाने जुनी भीती पुसली जात नाही; ‘धडधड म्हणजे संकट नव्हे’ ही नवी शिकवण तिच्या शेजारी तयार होते आणि ती जिथे तयार झाली त्या परिस्थितीशी बरीचशी बांधलेली राहते. म्हणूनच मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीत घबराट किती उतरली यापेक्षा रुग्णाचा अंदाज किती खोटा ठरला याला महत्त्व आहे.

‘मिनिटभर असा श्वास घेतला तर मी बेशुद्ध पडेन’ असे वाटत असेल, तर ते आधी कागदावर लिहावे, मिनिटाच्या पुढे जावे आणि प्रत्यक्षात काय घडले तेही लिहावे. पुढे तोच सराव जिन्यात, फलाटावर, एकट्याने करावा. माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते ते आधारांकडे: खिशात गोळी किंवा हातात पाण्याची बाटली असेल, तर निभावल्याचे श्रेय तिलाच जाते आणि मन नवे काही शिकत नाही. सराव संपताच दीर्घ श्वसनाने स्वतःला शांत करणे हेही, अनेकांना पटत नसले तरी, अशा आधारांतच मोडते. हृदयविकार, दमा, अपस्मार किंवा गर्भारपण असल्यास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे व्यायाम करू नयेत.