मदत हवी आहे : कापूस अडत्याचं जुनं दप्तर कसं सांभाळायचं?

वाचनालय_कारंजा
नमस्कार मंडळी. कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला एका जुन्या अडत दुकानाचं दप्तर मिळालं आहे. दोन सागवानी पेट्या. त्यात लाल कापडी पुठ्ठ्याच्या बत्तीस वह्या, तारेत ओवलेल्या पत्रांचे सात जुडगे, पाव आण्याची पोस्टकार्डं, रेल्वेच्या बिल्ट्या (मालाच्या पावत्या) आणि काही हुंड्या (व्यापाऱ्यांच्या पैसे देण्याच्या चिठ्ठ्या). सालं विक्रम संवत १९५२ ते १९८४. लिपी कुठे मोडी, कुठे बिनमात्रांची मारवाडी. एका वहीत पातळ कागदावर जांभळी अक्षरं आहेत, ती मागून उलटी दिसतात. एका पेटीला बुडाशी वाळवी लागली आहे.
सगळं उन्हात वाळवावं, तारखेवार लावावं आणि महत्त्वाच्या पत्रांना लॅमिनेशन करावं, असा बेत आहे. बरोबर आहे का?

दप्तरबंद
भाऊ, तिन्ही कामं थांबवा. सर्वांत आधी तारखेवार लावणं थांबवा, कारण आत्ता आहे तो क्रम एकदा मोडला की परत जुळत नाही. जुडग्यात कोणतं पत्र कोणाच्या शेजारी आहे, यावरूनच कळतं की ते कोणत्या सौद्याचं. अडत्यानं पत्र आलं तसं तारेत घातलं, म्हणून बुडाचं सर्वांत जुनं. अर्ध्या पत्रांवर तारीखच नसेल, त्यांची वेळ फक्त शेजाऱ्यावरून ठरते.
ऊन लागलं की जांभळी शाई उडते. ती वही म्हणजे पाठवलेल्या पत्रांची प्रेस कॉपी. ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबून ती काढत, म्हणून अक्षरं मागून उलटी. ही शाई पाण्यात विरघळते, तेव्हा ओला फडका किंवा दमट हात लावायचा नाही. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर ठेवा.
लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक परत निघत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो. फाटलंय तिथे काही लावू नका, कागदी घडीत ठेवा.
वाळवी लागलेल्या पेटीतलं सगळं आजच वेगळ्या खोलीत न्या. माती मऊ ब्रशनं काढा. कीटकनाशक कागदावर फवारू नका. कपाट लोखंडी हवं, भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून उंच. वाळवी बहुधा मातीतून चढते.

रोजमेळ
वाचण्याबद्दल सांगतो. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतं, जानेवारीपासूनच्या तिथीला ५६. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून ७९. वऱ्हाडात सरकारी कागदांवर फसली (महसुली) सालही येतं, त्यात ५९० मिळवा, जानेवारीपासून ५९१. संवताचं हिशेबी वर्ष दिवाळीला बदलतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर एक वर्षाची चूक होते.
आकड्यांत हमखास फसगत होते ती उभ्या रेघांची. '१२॥=' म्हणजे १२ रुपये १० आणे. एक उभी रेघ पाव, म्हणजे चार आणे. दोन रेघा आठ आणे. पुढची आडवी रेघ एकेक आणा. नवखा माणूस '॥' ला अकरा समजतो आणि १२११ रुपये वाचतो.
कापसाच्या भावात मण आणि खंडी आंधळेपणानं बदलू नका. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३९२ पौंडांच्या दोन गाठी. गावचा मण प्रत्येक बाजारात वेगळा. जे लिहिलं आहे तेच उतरवा. आणि कापूस, रुई (सरकी काढलेला कापूस), सरकी (कापसाचं बी) यांची नोंद एका रकान्यात घालू नका, भाव तिघांचे वेगळे.
हुंडी दर्शनी (दाखवताच पैसे) की मुदती (ठरल्या दिवसांनी पैसे), हे आधी बघा. मुदती बहुधा ६१ दिवसांची. मूळ हरवली तर 'पेठ', तीही हरवली तर 'परपेठ' लिहीत, म्हणून एकाच रकमेची तीन कागदपत्रं सापडली तर तीन व्यवहार धरू नका. रोकडवहीत ती रक्कम शोधा. तिथे एकदाच असेल.
पाव आण्याचं कार्ड १८७९ पासून निघालं आणि १९२२ मध्ये अर्ध्या आण्याचं झालं. टपालाचा शिक्का नीट बघा, पत्रात नसलेली तारीख तिथे मिळते.

वाचनालय_कारंजा
खूप आभार. तार गंजली आहे, पत्रं ओढली की फाटतात. आणि जुनी तिकिटं विकत मागणारे एक गृहस्थ येऊन गेले.

दप्तरबंद
ओढू नका. तारेचा वरचा आकडा कटरनं कापा आणि कागद सरळ वर उचला. गंजानं अडकलं तर दोन कागदांमधली तार कापा. प्रत्येक पत्राच्या मागे कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलनं क्रमांक घाला : 'ज३/४१', म्हणजे तिसरा जुडगा, वरून एक्केचाळिसावं. पेन वापरू नका. जुडग्याचा फोटो कापण्याआधी घ्या. मग बिनरंगाच्या सुती कापडात बांधा, लाल कापडाचा रंग उतरतो.
तिकिटं विकू नका. वीस रुपयांवरच्या पावतीवर एक आण्याचं तिकीट असे. ते काढलं की सही आणि तारीखही जाते, त्यावरच ती लिहिलेली असते.
फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, पट्टी शेजारी ठेवून, फाइलचं नाव तोच क्रमांक. मोडी अडली तर पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात विचारा. मारवाडी अक्षरांसाठी गावातलेच जुने मुनीम बघा, त्यांच्याशी बसून दहा पानं लिहून घ्या, त्यावरून पुढची तुम्हाला स्वतः लागतील.