कंपनीतल्या प्रशिक्षणाचा समाजावर झालेला परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न:
२०० कंत्राटी कामगारांना १२ आठवडे वेल्डिंग आणि मशीन देखभाल शिकवली. अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतले, चाचणीही झाली, गुण चांगले आहेत. आता वरून विचारणा आली आहे की कंपनीबाहेर, म्हणजे घरात आणि वस्तीत काय फरक पडला ते दाखवा. मोजायचं काय आणि कधी?

उत्तर १:
प्रशिक्षणाचा परिणाम तपासण्याच्या, अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पातळ्यांपैकी तुमच्या पहिल्या दोनच झाल्या आहेत: आवडलं का आणि समजलं का. तिसरी कामावर वापर, चौथी संस्थेला फायदा. समाजाची वेगळी पातळी रॉजर कॉफमन यांनी पुढे जोडली. पण तिसरी गाळून थेट तिथे उडी मारू नका. शिकलेलं हातून होतच नसेल, तर घरातल्या बदलाचं श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही.

तीन महिन्यांनी कामाच्या जागी जाऊन बघा. जोड मारण्याआधी गंज आणि रंग घासून काढतो का? अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या तुकड्यावर, जोडाजवळ लावतो का? मशीन उघडण्याआधी वीज तोडून स्विचला कुलूप घालतो का? अशी दहा कामं, समोर फक्त हो किंवा नाही. तपासणारा माणूस शिकवणारा नको, नाहीतर सगळीकडे 'हो' येतं.

उत्तर २:
हिशेब इथे फसतो. समजा, २०० पैकी १२० जणांची मजुरी वर्षभरात वाढली. म्हणून परिणाम १२० होत नाही. तशाच, पण न शिकलेल्या गटात ३५ टक्क्यांची वाढली असेल, तर तुमच्यातल्या ७० जणांची तशीही वाढलीच असती. उरले ५०. त्यातल्या १५ जणांनी दुसऱ्या कुणाला हटवून ती जागा घेतली असेल, तर समाजाच्या खात्यात ३५ च. ही शेवटची वजाबाकी बहुतेक अहवालांत नसते, आणि समाजाचा प्रश्न तर तिथेच आहे.

आधीची मजुरी फक्त एका महिन्याची धरू नका. लोक बरेचदा कमाई घसरल्यावर प्रशिक्षणाकडे वळतात, म्हणून नंतरची वाढ फुगलेली दिसते. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर यांनी १९७८ मध्ये ही घसरण दाखवली, तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. किमान आधीचे १२ महिने घ्या.

प्रश्नकर्ता:
आधीची मोजणीच झालेली नाही. आता काही करता येईल का?

उत्तर २:
येईल. हजेरीपट, पगारपत्रकं आणि अपघात नोंदवही हीच तुमची आधीची मोजणी. आठवणीतून रक्कम विचारू नका, ती चुकते. मोठ्या घटना मात्र लोकांच्या लक्षात राहतात: कर्ज फिटलं का, मुलाची शाळा सुटली का. पुढच्या तुकडीसाठी अर्जदारांची चिठ्ठी काढून अर्ध्यांना आत्ता आणि अर्ध्यांना सहा महिन्यांनी घ्या, म्हणजे तुलनेचा गट आपोआप मिळेल. निवड सुपरवायझरवर सोडली तर हुशार माणसं आधी जातात आणि तुलनाच बिघडते.

उत्तर ३:
दोन गोष्टी राहिल्या. काम सोडून गेलेल्यांना शोधा. २०० पैकी ११० च सापडले आणि तेच सुस्थितीत असतील, तर आकडा खोटा चढतो. न सापडलेल्यांना 'बदल नाही' असं धरून एक सावध आकडा आणि सापडलेल्यांचा दुसरा, दोन्ही शेजारी छापा.

आणि तोटाही मोजा. १२ आठवडे ओव्हरटाइम बुडाला का, मुलं सांभाळण्याचा भार कुणावर पडला? बाईचं उत्तर त्या बाईकडूनच घ्या, घरातल्या पुरुषाकडून नको. मुलाखत कामाच्या जागेपासून लांब ठेवा. सुपरवायझर शेजारी उभा असेल तर प्रत्येक घर सुखीच निघतं. अशा २० घरांच्या मुलाखती आधी नीट घेऊन बघा, फॉर्ममधले निम्मे प्रश्न तिथेच बदलावे लागतील.